स्पीकरचं इरलं

भाद्रपदातली संध्याकाळ. अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या कुठल्याही गावात थांबा. मांडवात आरती चालू असते, मांडवाच्या तोंडाशी दोन स्पीकर उभे असतात, आणि नारळीच्या शेंड्यांमागून सर येताना दिसते. किनाऱ्यावरची सर आधी दिसते, मग ऐकू येते आणि मग भिजवते. ती दिसल्याबरोबर मंडळाचा एक पोरगा पळत सुटतो. स्वतःसाठी छत्री आणायला नव्हे, स्पीकरसाठी ताडपत्री आणायला.

ताडपत्री पडते आणि आवाज बदलतो. आरती म्हणणारा माणूस तोच, माईक तोच, पण आता तो घोंगडीच्या आतून गातोय असं वाटतं. शब्द कळेनासे होतात. साऊंडवाला आवाज वाढवतो. शब्द तरीही कळत नाहीत, पण ढोलकी मात्र शेजारच्या घरातली भांडी हलवायला लागते.

हा प्रसंग आपण सगळ्यांनी पाहिलाय. पाऊस अडवायचा पण आवाज अडवायचा नाही, हे जमत कसं नाही? या साध्या प्रश्नामागे शंभरेक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याचं उत्तर बहुधा आपल्याच आजोबांच्या पाठीवर होतं.

पाऊस म्हणजे सुट्टी

रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अशा मुलखात उघड्यावर गाणं-बजावणं करायचं तर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात पक्का उपाय एकच होता: पावसात करायचंच नाही.

जुनं कॅलेंडर बघा. वरसोलीची विठोबाची यात्रा कार्तिकात. चौल-भोवाळ्याची दत्ताची यात्रा मार्गशीर्षात. नमन-खेळे शिमग्याच्या आसपास. देशावरचे तमाशाचे फड दसऱ्याच्या सुमाराला बाहेर पडायचे आणि वैशाख संपता संपता परत यायचे. तळकोकणातला दशावतारही दिवाळीनंतरचा. आगरी-कोळी घरांतली हळदीची रात्र म्हणजे उन्हाळ्यातली. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवायच्या, तशी करमणूकही ओढून ठेवायची. पावसाळ्यात जे व्हायचं ते छपराखाली: देवळात भजन, ओटीवर पोथी, आणि गौरी-गणपतीत घराच्या अंगणात, शाकारलेल्या मांडवात नाच.

वाद्यांनाही हे सोयीचं होतं. चामडं ओल धरतं आणि सैल पडतं. डफ, हलगी वाजवणारा माणूस वाजवण्याआधी जाळ करून वाद्य शेकून घेतो, ते यासाठीच. स्पीकरच्या आधीपासून आपल्याकडे आवाज आणि ओल यांचं भांडण आहे. पुढे ढोलाच्या पानासाठी चामड्याच्या जागी प्लॅस्टिक आलं. ते भिजलं तरी ताणलेलं राहतं, पण त्याचा आवाज कोरडा आणि टणक असतो. पावसापासून वाचलो आणि नादातलं थोडं गमावलं. हा सौदा आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे.

१८९३-९४ च्या सुमाराला पुण्या-मुंबईत सार्वजनिक गणेशोत्सव उभा राहिला आणि कॅलेंडरचं हे छप्पर निघालं. गणपती घरात होता तोवर पावसाची अडचण नव्हती. तो चौकात आला तेव्हा त्याच्यासोबत मेळे, व्याख्यानं आणि पोवाडेही चौकात आले, तेही भर पावसाच्या महिन्यात. मूर्ती शाडूची, म्हणजे पाण्यात विरघळणारी. पेणहून निघालेल्या मूर्ती आजही प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून गावोगाव जातात. थोड्याच वर्षांत त्याच मांडवात पाण्याला भिणारी दुसरी एक वस्तू येणार होती.

कर्णा: आवाज कमी, हिंमत जास्त

लाऊडस्पीकर जन्मला तो उघड्यावरच. २४ डिसेंबर १९१५ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलसमोर पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनी आपलं यंत्र हजारोंच्या गर्दीला ऐकवलं. त्या यंत्राचं नाव मॅग्नाव्हॉक्स, म्हणजे मोठा आवाज. छोट्या पडद्याची थरथर कर्ण्यातून मोठी करून बाहेर सोडायची, ही त्यातली युक्ती.

आपल्याकडे १९३० च्या दशकात काँग्रेसच्या अधिवेशनांना ध्वनिवर्धक पुरवण्याचं काम शिकागो रेडिओ ही कंपनी करायची. नाव अमेरिकन, मालक सिंधी मोटवाने कुटुंब. गांधी-नेहरूंच्या जुन्या फोटोंत माईकवर या कंपनीच्या नावाची पट्टी दिसते. ८ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँकवर ‘भारत छोडो’चा ठराव झाला तो महिना मुंबईतला भर पावसाळ्याचा. एवढ्या लोकांसाठी मैदानात प्रचंड मांडव घातला होता. पुढे उषा मेहतांच्या भूमिगत काँग्रेस रेडिओच्या खटल्यात याच कंपनीचे नानिक मोटवाने आरोपी होते आणि नंतर ते निर्दोष सुटले. आवाज दूर पोचवणं हा तेव्हा नुसता धंदा नव्हता.

स्वातंत्र्यानंतर देशभर पसरला तो करड्या रंगाचा कर्णा, म्हणजे भोंगा. १९४० साली सुरू झालेल्या दिल्लीच्या अहुजा कंपनीचं नाव तर खेड्यापाड्यांत कर्ण्यावरच लिहिलेलं असायचं. एस.टी. स्टँड, देऊळ, मशीद, प्रचाराची जीप, गणपतीचा मांडव, सगळीकडे तोच.

पावसात तो टिकायचा याचं कारण त्याच्या आकारात आहे. आवाजाची लांब नळी घडी घालून आत बसवलेली असते: आवाज आधी पुढे येतो, मग मागे वळतो, मग पुन्हा पुढे येऊन तोंडातून बाहेर पडतो. पावसाच्या थेंबाला आतल्या पडद्यापर्यंत पोचायचं तर हाच वळणाचा रस्ता उलटा चालावा लागतो. कर्णा किंचित खाली झुकवला की आत गेलेलं पाणी आपोआप गळून जातं. पडदा कागदाचा नाही, आणि तो बंद डबीत. म्हणून कर्णा झाकावा लागत नाही. चार-चार पावसाळे तो खांबावरच राहतो.

किंमत? त्याची सूर सांभाळायची पट्टी अरुंद असते. साधारण तीन-चारशे हर्ट्झच्या खाली त्याला फारसं जमत नाही, कारण खालच्या सुरासाठी फार मोठं तोंड लागतं. म्हणून कर्ण्यातून तबल्याचा डग्गा गायब होतो, बाईचा आणि बाप्याचा गळा सारखाच नाकात वाजतो. पण माणसाचे शब्द ज्या पट्टीत असतात ती पट्टी त्याला नीट जमते. हरवलेल्या मुलाचं नाव, वादळाची सूचना, उद्याच्या महाप्रसादाची वेळ, हे सगळं कर्णा मुसळधार पावसातही स्पष्ट सांगतो. त्याला गाणं येत नाही, निरोप येतो.

कागदाचा पडदा

गाणं ज्याला येतं तो स्पीकर वेगळा. १९२५ साली जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी आजच्या स्पीकरचा पाया घातला: कागदाचा शंकू, त्याच्या मुळाशी तारेचं वेटोळं, आणि ते वेटोळं चुंबकाच्या अरुंद फटीत पुढे-मागे हलणारं. घरातल्या रेडिओपासून डीजेच्या भिंतीपर्यंत बहुतेक सगळी याचीच वंशावळ.

याला डग्गा येतो, गळ्यातला फरक येतो. पण कागद भिजला की जड होतो, मऊ पडतो. वाळला की वाकडा वाळतो. वेटोळं फटीत घासायला लागतं आणि स्पीकर खरखरतो. फटीतल्या लोखंडाला गंज चढला की खेळ संपला. १९७० च्या दशकात बीबीसीच्या संशोधकांनी पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे प्लॅस्टिकचा शंकू घडवला, तेव्हा निदान कागदाची एक चिंता मिटली. पण पीए स्पीकरमध्ये आजही लेप दिलेला कागदच जास्त दिसतो, कारण तो हलका आणि ताठ असतो. पुन्हा तोच सौदा.

१९८०-९० च्या दशकांत घरोघर कॅसेट आल्या, कोळीगीतांना आणि बेंजोला ठेका हवा झाला, आणि मांडवाबाहेर कर्ण्याशेजारी लाकडी खोकी उभी राहिली. आवाज सुधारला, आणि पावसासमोर तो पहिल्यांदाच उघडा पडला. ताडपत्री घेऊन पळणारा पोरगा इथून आपल्या इतिहासात येतो.

ताडपत्रीचं गणित

आवाज म्हणजे हवेची थरथर. मध्ये पडदा आला की त्या थरथरीला पडदाही हलवावा लागतो. खालचे सूर संथ असतात, ते पडद्याला आरामात हलवतात आणि पलीकडे जातात. वरचे सूर घाईचे असतात. पडदा जितका जड आणि सूर जितका वरचा, तितकं नुकसान जास्त.

चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाची ताडपत्री घ्या. ध्वनिशास्त्राच्या साध्या सूत्राने हिशोब केला तर ती १०० हर्ट्झच्या सुराचं काहीच बिघडवत नाही. १,००० हर्ट्झला सुमारे ५ डेसिबल खाते. १०,००० हर्ट्झला २० हून जास्त. दहा डेसिबल गेले की आपल्या कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, यावरून अंदाज घ्या. कडेच्या फटींमधून काही आवाज निसटतो, म्हणून प्रत्यक्षात आकडे थोडे हलतात. दिशा मात्र हीच.

आता भाषेकडे बघा. मराठीतले स, श, च, ख हे फुसफुसणारे आवाज वरच्या पट्टीत राहतात. अ, आ, ओ खालच्या. ताडपत्री स्वर सोडते आणि व्यंजनं खाते. ‘साठ’ आणि ‘आठ’ यांत फरक फक्त ‘स’चा आहे. ताडपत्रीमागून दोन्ही ‘आठ’च. देणगीदाराने साठ हजार दिले असतील तर काय होईल ते तुम्हीच बघा.

म्हणून साऊंडवाला आवाज वाढवतो. शब्दांची तूट भरायला ६ डेसिबल वाढवले, तर अ‍ॅम्प्लिफायरला चौपट ताकद लावावी लागते. पण ठेक्याचं तर ताडपत्रीने काही कमी केलेलंच नव्हतं! तो आता पूर्ण ६ डेसिबल वर जातो. मांडवात बसलेल्या आजीला शब्द तरीही कळत नाहीत, आणि तीन घरं पलीकडच्या तान्ह्या बाळाला छातीत धडधड मिळते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. उत्सवातल्या गोंगाटावर आपण दरवर्षी भांडतो. त्या गोंगाटाची कारणं अनेक आहेत. त्यांतलं एक, कुणी न बोललेलं, म्हणजे चुकीच्या जागी टाकलेली ताडपत्री.

गंमत म्हणजे पावसाळी हवा आवाजाची शत्रू नाही. वरच्या सुरांना कोरडी हवा जास्त खाते, दमट हवा कमी. म्हणजे सर नसेल तेव्हा आपल्या भाद्रपदातली हवा ऐकण्यासाठी उत्तम. आवाज बिघडवतो तो आपला उपाय.

मग अगदी पातळ प्लॅस्टिक चालेल का? २० मायक्रॉनची पिशवी, त्याच सूत्राने, १०,००० हर्ट्झला ५ डेसिबलच्या आसपास खाते. बरंच बरं. पण ती वाऱ्यावर फडफडते, आणि फडफड स्वतःच एक वाद्य होते. शिवाय पूर्ण गुंडाळलं की आत उष्णता साठते. स्पीकरला दिलेल्या विजेतला थोडासाच भाग आवाज होतो, उरलेली नुसती उष्णता. पाठीवर अ‍ॅम्प्लिफायर असलेला स्पीकर प्लॅस्टिकमध्ये कोंडणं म्हणजे त्याला तापात गोधडीत गुंडाळण्यासारखं. वरून आतल्या दमट हवेचं पाणी होतं. पाऊस बाहेर, तरी स्पीकर ओला.

जगाने काय केलं

१७ ऑगस्ट १९६९, रविवार. न्यूयॉर्क राज्यातल्या बेथेलच्या कुरणात वुडस्टॉकचा मेळा. जो कॉकरचं गाणं संपलं आणि वादळ आलं. बिल हॅन्लीने स्पीकर उंच मनोऱ्यांवर चढवले होते. आयोजक माईकवरून लोकांना विनवत होते की मनोऱ्यांवरून खाली उतरा. वीज बंद केली, सामान झाकलं, काही तास कार्यक्रम थांबला. लाखोंच्या गर्दीसमोरही शेवटी उपाय तोच, आपल्या तमाशाच्या फडाचा: थांबणं.

आज महागड्या स्पीकरवर आयपी ५४, आयपी ५५ असे आकडे असतात. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ४ म्हणजे सगळ्या बाजूंनी उडालेलं पाणी सोसतो, ५ म्हणजे पाण्याची धारही. शंकूवर लेप, जाळीमागे पाणी ओघळवणारं कापड, तोंडं बंद होणारे कनेक्टर, असं बरंच त्यात येतं. पण ती चाचणी गोड्या पाण्याची, आणि आपला किनारा खारट. समुद्राच्या वाऱ्याबरोबर मीठ येतं आणि जाळीवर बसतं. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून स्वतः ओलं होतं. पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणजे मुरुडला किंवा श्रीवर्धनला ठेवलेली जाळी सर थांबली तरी वाळत नाही. गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसणं आणि मग कोरडं करणं, हे इथे कुठल्याही कव्हरइतकंच महत्त्वाचं.

आणि वारा. १३ ऑगस्ट २०११ ला अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या जत्रेत वादळी झोतात रंगमंचावरचं छप्पर कोसळलं आणि सात माणसं गेली. मोठं कापड वाऱ्यात शीड होतं, हे दर्यावर्दी गावांना शिकवायला नको. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात याच रायगडच्या किनाऱ्याने पत्रे कागदासारखे उडताना पाहिले आहेत.

इरलं

आता त्या आजोबांकडे. भातलावणीला शेतकरी पूर्वी इरलं घ्यायचा. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानं. डोकं आणि पाठ झाकलेली, पुढची बाजू उघडी, हात मोकळे. वाकून लावणी करताना पाणी पाठीवरून ओघळून जायचं. आणि तो पावसाकडे पाठ करून उभा राहायचा. इरल्याने त्याला गुंडाळलं नव्हतं. त्याला जिथून काम करायचं होतं ती बाजू मोकळी ठेवून उरलेली झाकली होती.

स्पीकरला हेच हवं. तोंडावर काहीच नको. वरून आणि पाठीमागून छप्पर, खोक्याला न चिकटणारं, खालून हवा खेळेल असं. तोंड थोडं खाली झुकलेलं, जुन्या कर्ण्यासारखं. खोकं जमिनीवर नाही, फळीवर किंवा स्टँडवर. पागोळी किती पुढे काढायची? पाऊस ४५ अंशांत तिरका येत असेल तर स्पीकरचं तोंड जितकं उंच तितकीच पागोळी पुढे. दोन फुटांच्या खोक्याला दोन फूट. तोंड झुकवलं तर थोडी कमी चालते. पागोळीला आतून जाड कापड लावलं की तिच्यावर आपटून येणारा आवाज मूळ आवाजात मिसळत नाही. आणि छप्पर नीट बांधलेलं, शीड होणार नाही असं.

आणि पाठ पावसाकडे. आपल्याकडे पावसाळी वारा नैऋत्येकडून, समुद्रावरून येतो. म्हणून जागा असेल तिथे स्पीकर मांडवाच्या समुद्राकडच्या अंगाला ठेवायचे, पाठ दर्याकडे आणि तोंड गावाकडे. यात आणखी एक फायदा आहे. वाऱ्याच्या दिशेने जाणारा आवाज जमिनीकडे वाकतो आणि दूरपर्यंत स्पष्ट पोचतो, तर वाऱ्याविरुद्ध जाणारा वर उचलला जातो. म्हणजे एकाच वळणात स्पीकर कोरडा राहतो, शब्द कळतात, आणि आवाज कमी ठेवता येतो. ताडपत्रीचं दुष्टचक्र इथे उलटं फिरतं.

या सगळ्याला लागतं काय? चार बांबू, एक पत्रा किंवा तीच ताडपत्री, आणि मांडव घालतानाच्या दिवशी अर्धा तास विचार. ज्या साऊंडवाल्याने कर्ज काढून सामान घेतलंय त्याच्यासाठी हा अर्धा तास स्वस्त आहे.

तरीही कधी सर अशी येते की इरलंही पुरत नाही. पाऊस आडवा येतो, विजा चमकतात, जमिनीवरच्या वायरी पाण्यात जातात. ओल्या हाताने माईक धरणाऱ्या पोराचा जीव कुठल्याही गाण्याहून मोठा आहे. त्या वेळी जुनं कॅलेंडर आठवावं. मेन स्विच खाली करावा, आता खुशाल सगळं गुंडाळून टाकावं, आणि सर जाईपर्यंत आरती तोंडाने, टाळांवर म्हणावी. किनाऱ्यावरची सर फार वेळ थांबत नाही. आणि तेवढ्या वेळात मांडवातल्या आजीला सगळे शब्द कळतात.